डब्याची झडती आणि साहेबांचा फोन

आमच्या शेजारचे अण्णा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षे होते. पाळी सुटली की रोज अंगझडती. डबा उघडून दाखवायचा, पिशवी पालथी करायची, मग बाहेर. लहानपणी आम्ही पोरे त्यांना विचारायचो, "अण्णा, आज किती नोटा छापल्या?" ते म्हणायचे, "कागद संपेपर्यंत." यापलीकडे आकडा त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. माल कधी निघतो, कुठल्या बाजूने जातो, हे तर काकूंनाही ठाऊक नव्हते. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते भाजी घेऊन आले आणि सवयीने दारातच थांबले. काकू आतून म्हणाल्या, "अहो, आत या आता. की पिशवी तपासायला मी बाहेर येऊ?" हा किस्सा आमच्या गल्लीत अजून सांगतात.

त्या झडतीचा अण्णांना अपमान वाटत नसे. नोट मौल्यवान आहे म्हणून झडती आहे, आपण चोर आहोत म्हणून नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. २०२१ च्या पावसाळ्यात प्रेसमधल्या पाच लाखांच्या नोटांचा हिशेब लागत नसल्याची बातमी फुटली, तेव्हा अख्ख्या नाशिकरोडला आपल्याच घरात चोरी झाल्यासारखे वाटले होते. पाच लाख म्हणजे पाचशेच्या नोटांची दहा बंडले. चौकशीअंती नोटा चोरीला गेल्याच नव्हत्या, चुकून नष्ट झाल्या होत्या आणि ती चूक झाकून ठेवली गेली होती, असे पुढे आले. दहा बंडलांसाठी पोलीस आले, जबाब झाले, शहरभर चर्चा झाली. ते योग्यच होते.

मला प्रश्न पडतो तो याच्या उलट टोकाचा. नोट चोरायची तर ती खिशात घालून न्यावी लागते. माहितीचे तसे नसते. ती नेली तरी जागच्या जागीच राहते. तिजोरी बंद, कुलूप शाबूत, नोंदवहीत खाडाखोड नाही, आणि तरी माल गेलेला असतो. अशा मालाची राखण करणाऱ्यांची झडती कोण घेते? खालच्या माणसाची घेतली जाते, हे ओझरपासून देवळालीपर्यंत आपण पाहिले आहे. वरच्या माणसाची कोणी घेत नाही, आणि यात दिल्ली, मुंबई, वॉशिंग्टन असा काही भेद नाही.

वॉशिंग्टनचीच गोष्ट आधी घेऊ, कारण ती इतकी उघड्यावर घडली की नाकारायला जागाच उरली नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी, माइक वॉल्ट्झ यांनी, सिग्नल या अॅपवर एक गट तयार केला. विषय येमेनमधील हुथींवरचा हल्ला. गटात उपाध्यक्ष, संरक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री, गुप्तचर प्रमुख. आणि चुकून जोडला गेलेला आणखी एक माणूस: 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग. १५ मार्चला हल्ल्याआधी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी विमाने किती वाजता उडणार, पहिला मारा कधी, याचे वेळापत्रक त्या गटात टाकले. संपादक महाशय एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाट पाहत होते, हे खरेच असेल का म्हणून. खरेच होते.

आपल्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात भलताच माणूस जोडला गेला तर सेक्रेटरी दोन दिवस तोंड लपवून फिरतो. तिथे काय झाले? आधी सांगण्यात आले की यात गोपनीय असे काही नव्हतेच. मासिकाने मग संदेशच छापले. आठवडाभरात व्हाइट हाउसने विषय संपल्याचे जाहीर केले. वॉल्ट्झ यांना १ मे रोजी पदावरून हलवले आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांतील राजदूतपदासाठी त्यांचे नाव पुढे केले. हेगसेथ जागचे हलले नाहीत.

हे एका पक्षाचे पाप नाही. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना सरकारी पत्रव्यवहार घरच्या सर्व्हरवरून करत होत्या. २०१६ मध्ये एफबीआयच्या प्रमुखांनी त्यांना कमालीच्या निष्काळजी ठरवले आणि त्याच दमात खटल्याची शिफारस मात्र केली नाही. ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील बंगल्यात कागदांची खोकी न्हाणीघरात रचलेली सापडली. खटला उभा राहिला, २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. बायडेन यांच्या घरच्या गॅरेजमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारच्या शेजारी गोपनीय कागद निघाले. तिथेही खटला नाही. पुढे सीआयएचे प्रमुख झालेल्या जनरल पेट्रेयस यांनी अति गोपनीय मजकूर असलेल्या वह्या आपले चरित्र लिहिणाऱ्या, आणि ज्यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध होते, त्या लेखिकेला वाचायला दिल्या. शिक्षा काय, तर दोन वर्षांची देखरेख आणि एक लाख डॉलर दंड. आणि नौदलातल्या एका तरुण खलाशाने आपल्या पाणबुडीच्या आतले सहा फोटो आठवण म्हणून मोबाइलवर काढले, तेव्हा? वर्षभर तुरुंग.

जनरलसाहेबांच्या वह्यांपेक्षा ते सहा फोटो देशाला अधिक घातक होते, असे त्या देशातही कोणी मनापासून म्हणणार नाही.

आपल्याकडे या सगळ्यावर एकच रामबाण कायदा आहे, १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या कायद्याचा हा वारस. म्हणजे आमची प्रेस उभी राहिली त्याच सुमाराचा. प्रेसमधली यंत्रे तीन-चारदा बदलली, कायदा आहे तिथेच आहे. 'गुपित' म्हणजे नेमके काय, याची व्याख्या त्यात नाही. कागदावर अति गोपनीय, गुप्त, गोपनीय की प्रतिबंधित यांपैकी कोणता शिक्का मारायचा, हे गृहमंत्रालयाच्या एका नियमपुस्तिकेवरून ठरते आणि ती पुस्तिका जनतेसाठी खुली नाही. काय गुप्त आहे हेच गुप्त. यावर हसायचे की नाही हेही बहुधा त्यात लिहिलेले असावे.

या कायद्यात तीन कलमे महत्त्वाची. तिसरे कलम हेरगिरीचे. संरक्षणविषयक बाबींत चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. पाचवे कलम माहिती अनधिकृतपणे देण्या-घेण्याचे, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात एक पोटकलम आहे: ताब्यातल्या गोपनीय मजकुराची वाजवी काळजी न घेणे हाही गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या मराठी शब्दांत सांगायचे तर तिसरे कलम फितुरीचे आणि हे पोटकलम गाफिलीचे. बखरी आणि पत्रे चाळली तर गड फितुरीने गेल्याचे जितके दाखले मिळतात, तितकेच गाफिलीनेही गेल्याचे मिळतात. हिरकणीची दंतकथा आपण मातृप्रेमाची म्हणून सांगतो. मला तिच्यातला राज्यकारभार जास्त आवडतो. एक गवळण रात्री कडा उतरून गेली, म्हणजे तिथून शत्रू चढूही शकतो. दंतकथेतले महाराज तिचा गौरव करतात आणि त्या जागी बुरूज बांधतात. कडा उघडा राहिला याचा ठपका तिच्यावर ठेवत नाहीत.

आपला आजचा कारभार नेमका उलटा. फितुरीवर त्याचा फार जीव. तिथे अटक होते, फोटो छापून येतो, 'हनी ट्रॅप' असा मथळा मिळतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या विमान कारखान्यातील एका कर्मचाऱ्याला पाकिस्तानी हस्तकांना माहिती पुरवल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने पकडले. त्याच महिन्यात देवळालीच्या लष्करी भागात फोटो काढल्याच्या आरोपावरून एक मजूर पकडला गेला. आठवडाभर नाशिकमध्ये दुसरा विषय नव्हता. आरोप खरा ठरला तर अशांना शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. ओझरला पूर्वी मिग बनली, मग सुखोई, आता तेजस. देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर उडवायला शिकतात. या शहराला गोपनीयतेचे महत्त्व बाहेरच्याने येऊन शिकवायला नको.

पण गाफिलीचे ते पोटकलम कुणावर चालते ते बघा. नागपूरच्या ब्रह्मोस प्रकल्पातला एक तरुण अभियंता २०१८ मध्ये पकडला गेला. २०२४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीचे आरोप टिकत नाहीत असे ठरवले. उरला तो दोष एवढाच, की गोपनीय मजकूर त्याने स्वतःच्या उपकरणात बेफिकिरीने ठेवला होता. शिक्षा तीन वर्षे, आणि त्याहून जास्त काळ तो आधीच आत काढून बसला होता. म्हणजे कलम जिवंत आहे, त्याला दात आहेत. आता याच दोषासाठी एखादा सचिव, एखादा मंत्री गजाआड गेल्याची बातमी शोधून पाहा.

वर्ध्यात तर एका नागरिकाने पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून हाच कायदा लावला होता. पोलीस ठाणे हे कायद्याच्या व्याख्येतले 'निषिद्ध ठिकाण' नाही, हे सांगायला २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. त्याआधी वीस वर्षे दिल्लीत पत्रकार इफ्तिखार गिलानी सात महिने तिहारमध्ये होते. त्यांच्या संगणकात सापडलेला 'गुप्त' दस्तऐवज पाकिस्तानातील एका संस्थेने आधीच छापून प्रसिद्ध केलेला होता. सरकारने शेवटी खटला मागे घेतला. ते सात महिने कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे कुणी विचारले नाही.

वरचे सुटतात याचे कारण केवळ लागेबांधे, असे म्हणून मोकळे होता येईल. मला ते अपुरे वाटते. कायद्याच्या तेराव्या कलमात खरी मेख आहे. सरकारच्या आदेशाने किंवा अधिकाराने तक्रार आल्याशिवाय न्यायालयाला या कायद्याखाली दखलच घेता येत नाही. म्हणजे ज्याने तिजोरी उघडी टाकली त्याच्याच कंबरेला किल्ल्यांचा जुडगा.

महाराष्ट्राने याचा प्रयोग अगदी जवळून पाहिला आहे. पोलिसांच्या बदल्यांतील कथित दलालीवर राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांनी फोन टॅपिंगच्या आधारे एक गोपनीय अहवाल दिला होता. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी तो पत्रकार परिषदेत पुढे आणला. मुंबईच्या बीकेसी सायबर पोलीस ठाण्यात गोपनीयतेच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. वर्षभराने फडणवीसांचा जबाब पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन घेतला. त्याच वर्षी सरकार बदलले, तपास सीबीआयकडे गेला आणि प्रकरण बंद करण्याचा अहवाल आला. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. आता विरोधी पक्षनेत्याने भ्रष्टाचाराचा कागद उघड करणे हे त्याचे कामच, असेही म्हणता येते; गुप्तवार्ता विभागाचा अहवाल बाहेर जातोच कसा, हा सवालही खोटा नाही. दोन्ही बाजूंत दम आहे. पण बाहेरून आपल्याला दिसले ते इतकेच, की सत्ता बदलली आणि प्रकरणाची दिशा बदलली. ज्या कायद्याचा लगाम सरकारच्या हातात, तो सरकार बदलले की वळणारच.

यावर एक जबाबदार प्रतिवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. मंत्री, सचिव, सेनाप्रमुख यांना दिवसाला शेकडो निर्णय घ्यायचे असतात. प्रत्येक कागद सीलबंद लखोट्यातून, सही-शिक्क्यानिशी, आवक-जावकच्या वहीतून फिरवायचा म्हटला तर राज्य चालायचे नाही. शिवाय कुठला कागद गोपनीय आणि कुठला नाही हे ठरवायचा अधिकार त्यांचाच. मग त्यांनी तो फोनवर पाठवला तर बिघडले कुठे?

बिघडते ते खाली. कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. साहेब गाडीत असतात, बैठक दहा मिनिटांवर असते, फोन येतो: "ते टिपण व्हॉट्सअॅपवर टाक ना पटकन." क्लार्क काय म्हणणार? गोपनीय कागद अशा अॅपवर पाठवू नयेत अशा केंद्राच्या सूचना आहेत. सरकारी कागद एआयच्या खिडकीत चिकटवू नका असे अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले आहे. त्या सूचनांची प्रत क्लार्कच्या टेबलावरच्या काचेखाली असते. साहेबांचा आवाज कानात असतो. तो फोटो काढतो आणि पाठवतो. साहेबांच्या खात्याचा ओटीपी पीएच्या मोबाइलवर येतो, पासवर्ड ड्रायव्हरलासुद्धा पाठ असतो. उद्या ते टिपण फुटले तर फोटो कुणाच्या फोनवरून निघाला? क्लार्कच्या. चौकशीत नाव कुणाचे? क्लार्कचे. साहेबांनी तोंडी सांगितले होते, हे तो कशाच्या आधारावर सिद्ध करणार? वरच्याची सोय हा खालच्याला हुकूम असतो आणि त्या हुकमाची नोंद कुठेच होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयाशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात मी सातबाराच्या प्रती काढायला गेलो होतो. दुकानदाराने यंत्राचे झाकण उचलले तर काचेवर आधीच्या गिऱ्हाइकाचा कागद तसाच. वर लाल शाईत 'गोपनीय'. दुकानदार शांतपणे म्हणाला, "शिपाई येईल संध्याकाळी, रोजच विसरतो." त्याने तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवरमध्ये तसे आणखी दोन-तीन होते. त्या कार्यालयातल्या सर्वांत कडक बंदोबस्ताची जागा तो ड्रॉवर असावी. कार्यालयातले यंत्र बंद पडले होते आणि दुरुस्तीची मागणी मंजुरीसाठी वर पडून होती, हेही त्याच दुकानदाराने सांगितले. आता यात दोषी कोण, विसरणारा शिपाई की मंजुरी न देणारा? फाईल फुटली असती तर निलंबन कुणाचे झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

झेरॉक्सवरून आठवले. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत कुमार नारायण प्रकरण फुटले. पंतप्रधान कार्यालय, संरक्षण मंत्रालय इथले स्वीय सहायक, लघुलेखक कागद बाहेर नेत, त्यांच्या झेरॉक्स प्रती काढल्या जात आणि मूळ कागद परत जागेवर जात. मोबदल्यात पैसे आणि दारूच्या बाटल्या. खटला वर्षानुवर्षे चालून २००२ मध्ये खालच्यांना शिक्षा झाल्या. पण इथे वर एक वेगळी गोष्ट घडली. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्या कार्यालयातली माणसे त्यात सापडली होती. त्यांच्यावर स्वतः काही केल्याचा आरोप नव्हता. तरी त्यांनी राजीनामा दिला. हेच अलेक्झांडर पुढे १९९३ ते २००२ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांची पुढची पदे पाहून कुणी म्हणेल, राजीनाम्याने त्यांचे काय गेले? काही नाही गेले, हे खरे. पण 'माझ्या दालनातून कागद गेले, म्हणजे मी गाफील राहिलो' हे एका प्रधान सचिवाने कृतीने मान्य केले. लंडनमध्ये २००९ च्या एप्रिलमध्ये बॉब क्विक या बड्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातातला गुप्त कागद उघडा राहिला, छायाचित्रकारांनी टिपला, दहशतवाद्यांवरचे छापे घाईने आधी घालावे लागले. क्विक दुसऱ्या दिवशी पद सोडून गेले. त्याच लंडनमध्ये २०२२ मध्ये गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन खासगी ईमेलवरून सरकारी मसुदा पाठवल्याबद्दल पायउतार झाल्या आणि सहा दिवसांनी त्याच खुर्चीवर परत बसल्या. म्हणून राजीनाम्यावर माझा फार भरवसा नाही. तो माणसाच्या लाजेवर अवलंबून असतो, आणि लाज ही काही कलमाखाली येणारी बाब नव्हे.

दुसरी एक अडचण आहे, जिच्याकडे 'कडक कारवाई करा' म्हणणारे बघत नाहीत. गुपिते कडक सांभाळायची असतील तर ती थोडी हवीत. आपल्याकडे शिक्का मारणे ही सवय झाली आहे. फाईलवर 'गोपनीय' लिहिले की माहिती अधिकारवाला गप्प बसतो, पत्रकार दोन पावले मागे जातो, आणि साहेबांचे महत्त्व वाढते ते वेगळेच. चहाच्या बिलाची फाईल आणि क्षेपणास्त्राच्या चाचणीची फाईल यांवर एकाच शाईचा शिक्का बसला की त्या शिक्क्याची भीती जाते. झेरॉक्सच्या ड्रॉवरमध्ये पडलेले ते कागद खरेच किती गोपनीय होते, देव जाणे.

याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या नाशिकला चिकटलेले आहे. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवले. त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल तेव्हाच आला. २ सप्टेंबर १९६३ रोजी नाशिकच्या या खासदाराने त्याचा सारांश लोकसभेत सांगितला, अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवला नाही. युद्धाच्या जखमा ताज्या होत्या, ते समजू शकते. पण साठ वर्षांनंतरही सरकारने तो अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितले की त्यातील मजकूर आजही लष्करीदृष्ट्या उपयुक्त आहे. चारच वर्षांनी ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. जगाने वाचला. आपल्यासाठी तो अजून गुप्त. जे लपवायचे कारण उरले नाही ते कडेकोट, आणि कालच्या बैठकीचे टिपण पाच व्हॉट्सअॅप गटांत.

गाफिलीवर बोलताना मी एक भेद जपू पाहतो. जो गैरव्यवहार उघड करायला कागद बाहेर देतो तो जागल्या. त्याला आणि फोन कुठेही टाकणाऱ्या साहेबाला एकाच मापाने मोजता येणार नाही. मार्च २०१९ मध्ये राफेलचे कागद वृत्तपत्रात आले तेव्हा ते संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेल्याचे महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि गोपनीयतेच्या कायद्याचा धाक दाखवला. दोन दिवसांत खुलासा आला, की मूळ कागद गेले नाहीत, त्यांच्या प्रती गेल्या. एप्रिलमध्ये न्यायालयाने ते कागद विचारात घ्यायला हरकत नाही असे ठरवले. म्हणून नुसता कायदा कडक करा, शिक्षा वाढवा, ही मागणी मला धोक्याची वाटते. वाढलेली शिक्षा पहिल्यांदा जागल्याच्या आणि क्लार्कच्याच अंगावर येते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तर २००६ मध्येच हा कायदा रद्द करावा असे सुचवले होते. ती शिफारस बारगळली.

तेलगीचे प्रकरण आठवा. मुद्रांक कागदाचा तो घोटाळा आमच्या नाशिकरोडच्या माथी कायमचा चिकटला. गेटवर रोज हजारो डबे उघडले जात होते, आणि तेलगीला लागलेली छपाई यंत्रे मिळाली ती इथल्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेल्या मालातून. एकाही कामगाराने ती डब्यातून नेली नाहीत. अण्णा हे सांगताना नेहमी एकच वाक्य म्हणत, "आम्ही दारात उभे होतो, गळती टेबलावर होती."

मग करायचे काय? फौजदारी कायदा फितुरीसाठी ठेवा. गाफिलीसाठी खात्यांतर्गत, पण सक्तीची आणि ठरावीक मुदतीची चौकशी असू द्या, आणि तिची सुरुवात हुद्द्याच्या वरच्या टोकाकडून व्हावी. तोंडी हुकूम लेखी मागण्याचा क्लार्कचा हक्क नियमात लिहा. मागितला म्हणून त्याची बदली झाली तर ती पुराव्यात धरा. चौकशी कोण करणार हा खरा प्रश्न. ज्याचे दालन त्याचाच विभाग, असे असेल तर दुसरे कुलूप लावून किल्ली तिथेच टांगण्यासारखे आहे. केंद्रात लोकपाल आहे, राज्यात लोकायुक्त आहे. तेराव्या कलमातली सरकारची मक्तेदारी त्यांच्याशी वाटून घेतली तर सरकार बदलले म्हणून प्रकरण वळणार नाही. शिक्का मारणाऱ्याने आपले नाव, कारण आणि शिक्का संपण्याची तारीख खाली लिहावी. नोटेवर गव्हर्नरची सही असते, मग गुपितावर कुणाची तरी असायला काय हरकत?

हे सारे दूरचे वाटत असेल तर सिंहस्थ जवळ आला आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला पर्वण्या आहेत. बैठका सुरू झाल्या आहेत. आराखडे, नकाशे, ठेकेदारांच्या याद्या तयार होत आहेत. भाविक कुठल्या रस्त्याने येणार, कुठून परत जाणार, हे जितके जास्त लोकांना कळेल तितके चांगले. २००३ च्या चेंगराचेंगरीनंतर हे तरी सांगायला नको. पण बंदोबस्ताच्या नेमक्या जागा, कॅमेऱ्यांचा आंधळा कोपरा, मान्यवरांच्या येण्या-जाण्याची वेळ, हे मोजक्यांनाच माहीत असावे. आपल्या रीतीप्रमाणे होईल उलटे. रस्त्यांचा नकाशा 'गोपनीय' म्हणून दाबला जाईल आणि बंदोबस्ताची पीडीएफ ठेकेदाराच्या पुतण्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचेल. मग एखादा हवालदार निलंबित होईल.

नाशिक जिल्ह्यात पंधरा आमदार आहेत. एकानेही पुरे. येत्या अधिवेशनात त्याने एक तारांकित प्रश्न टाकावा: गोपनीय माहिती हाताळताना हलगर्जीपणा केल्याबद्दल गेल्या दहा वर्षांत राज्यात किती जणांवर कारवाई झाली, आणि त्यांतले वर्ग एकचे किती, वर्ग चारचे किती?